कॅथेटर लेबलबाहेर वापरायची वेळ येते तेव्हा: परिचारिकांसाठी धोके, जबाबदारी आणि पायरीपायरीने करायची कामं

वॉर्डात लेबलबाहेरचा वापर, म्हणजे पाकिटावर किंवा माहितीपत्रकात न लिहिलेल्या कामासाठी वस्तू वापरणं, अधूनमधून नव्हे, जवळपास रोज होतो. अंबिलिकल कॅथेटर संपलं म्हणून बाळाच्या नाळेत आयएफटी, म्हणजे दूध पाजायची बारीक नळी घातली जाते. पोटातलं पाणी काढायला १६ नंबरचा इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत लावायचा कॅन्युला, मागितला जातो. कुठेच शीर मिळत नाही म्हणून डायलिसिसच्या कॅथेटरमधून अँटिबायोटिक सोडलं जातं. यातलं काही शास्त्राला धरून असतं, काही नाइलाजाने केलेलं असतं आणि काही सरळसरळ चूक असतं. करताना मात्र तिन्ही सारखंच दिसतं, आणि पुढे रुग्णाला इजा झाली की पहिला प्रश्न ट्रे लावणाऱ्या किंवा औषध सोडणाऱ्या सिस्टरला विचारला जातो.

वस्तू लेबलबाहेर वापरली, एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. पण तो वापर कोणी ठरवला, कशासाठी ठरवला आणि नंतर लक्ष कसं ठेवलं, याची उत्तरं केस पेपरवर नसतील तर सिस्टरची बाजू मांडायला हातात काहीच उरत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या उत्तरांसाठी आहेत.

पायरी १: माहितीपत्रक मिळवा आणि वाचा

कॅन्युलाच्या एकेका पाकिटावर फार थोडं लिहिलेलं असतं: गेज (जाडीचा नंबर), लांबी, मिनिटाला किती मिली जातं तो आकडा, निर्जंतुकीकरणाची पद्धत, बॅच नंबर, मुदत, आणि गोलातल्या २ आकड्यावर काट मारलेलं चिन्ह. त्या चिन्हाचा अर्थ ‘एकदाच वापरा’. खरी माहिती असते घडी घातलेल्या पत्रकात, आणि ते पत्रक मोठ्या खोक्यात एकच असतं. खोकं स्टोअरमध्ये फुटतं, सुटी पाकिटं वॉर्डात येतात आणि पत्रक खोक्याबरोबर भंगारात जातं. म्हणून पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं तेच कॅन्युला लावणाऱ्या सिस्टरनेही ते पत्रक कधी पाहिलेलं नसतं.

तुमच्या वॉर्डात वापरात असलेल्या प्रत्येक ब्रँडचं पत्रक फार्मसीकडून किंवा स्टोअरकीपरकडून मागून घ्या आणि एका फाइलला लावा. त्यात चार गोष्टी शोधा. वस्तू कोणत्या वापरासाठी आहे. कशासाठी वापरू नये. किती दिवस ठेवता येते. किती दाब झेपतो. ब्रँड बदलला की पत्रकही बदला, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन कॅन्युलांच्या सूचना सारख्या असतीलच असं नाही. गेजचे रंग मात्र सगळीकडे ठरलेले आहेत: १४ नारिंगी, १६ करडा, १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा.

आपल्याकडे कॅथेटर आणि आयव्ही कॅन्युला २००५ पासूनच औषधांच्या कायद्याखाली आहेत. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. म्हणजे पाकिटावरचा मजकूर ही कंपनीची जाहिरात नाही. ज्या वापरासाठी परवाना मिळाला तो वापर तिथे लिहिलेला असतो.

पायरी २: हा वापर तिन्हीपैकी कशात बसतो ते ठरवा

पहिला प्रकार: पत्रकात नाही, पण वैद्यकशास्त्राने मान्य केलेला. टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा कोंडून दाब वाढतो तेव्हा, छातीतली हवा सोडायला १४ नंबरचा कॅन्युला घालणं हे याचं ठळक उदाहरण. जीव जात असताना तेच योग्य. पण इथेही माहिती हवी. साध्या कॅन्युलाची लांबी साडेचार-पाच सेंटिमीटर असते, जाड छातीच्या माणसात ती फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचत नाही, आणि सुई काढल्यावर मऊ नळी दुमडते. ‘हवा निघाली’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही, पुढे आयसीडी, म्हणजे छातीत बसवायची निचऱ्याची नळी, लागतेच. सेप्सिसमध्ये सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) मिळेपर्यंत रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन हाताच्या शिरेतून सुरू करणंही याच प्रकारातलं. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शनात ते थोड्या वेळासाठी आणि कोपराच्या खळगीतल्या किंवा त्याच्या वरच्या शिरेतून द्यावं असं म्हटलं आहे. मनगटावरच्या २४ नंबरच्या पिवळ्या कॅन्युलातून नव्हे.

दुसरा प्रकार: योग्य वस्तू नाही म्हणून जवळची वस्तू. सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून पुढे यावर सविस्तर लिहिलं आहे.

तिसरा प्रकार: पत्रकात ‘करू नका’ असं स्पष्ट लिहिलेलं. अर्धवट बाहेर काढलेली सुई परत नळीत घालणं. कॅथेटर कात्रीने कापून आखूड करणं. एकदाच वापरायची वस्तू धुऊन दुसऱ्याला लावणं. दाबाची क्षमता न लिहिलेल्या लाइनमधून सीटीच्या पॉवर इंजेक्टरने, म्हणजे जोराने ढकलणाऱ्या यंत्राने, कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसण्यासाठीचं औषध) सोडणं. इथे नाइलाज हे कारण चालत नाही. कोणी सांगितलं तरी करू नका आणि नकार लिहून ठेवा.

सुई परत घालण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ही सवय हाताला लागते. शीर हुकली की सुई थोडी मागे ओढायची, नळी हलवायची आणि सुई परत आत सारायची. त्या क्षणी सुईचं टोक नळीच्या भिंतीतून आरपार जाऊ शकतं. नळीचा तुकडा कापला गेला तर रक्ताबरोबर हृदयाकडे, फुप्फुसाकडे जातो. शीर हुकली तर सुई आणि नळी एकत्र बाहेर काढायची आणि नवीन पाकीट फोडायचं. पाकिटाची किंमत वाचवायची ही जागा नाही.

नाइलाजाचे प्रसंग, जवळून

*नाळेत आयएफटी.* अंबिलिकल कॅथेटर ३.५ आणि ५ फ्रेंच मापात येतं, त्याचं तोंड टोकाला उघडं असतं आणि मागचा जोड लॉक होणारा असतो. आयएफटीचं टोक बहुधा बंद असतं आणि छिद्रं बाजूला असतात. बंद टोकाच्या त्या छोट्या कोपऱ्यात रक्त साकळतं. नळी पीव्हीसीची असेल तर शरीरात राहून दिवसागणिक कडक होत जाते, आणि कडक टोक अर्भकाच्या नाजूक शिरेला किंवा हृदयाला टोचू शकतं. मागचा जोड सैल बसला तर तो निसटून रक्त वाहतं, आणि गुंडाळलेल्या बाळाखाली ते लवकर दिसतही नाही.

आणखी एक धोका मला सगळ्यात गंभीर वाटतो. एकाच बाळाला एक आयएफटी नाकातून पोटात आणि तशीच दुसरी नाळेतून शिरेत. रंग तोच, जाडी तीच, मागचं तोंडही तेच. पहाटेच्या फीडला दमलेल्या हातात दुधाची सिरिंज आहे. शिरेत दूध गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, आणि म्हणूनच दुधाच्या नळ्यांसाठी शिरेच्या नळीला बसूच नये असे वेगळे जोड आले. ते तुमच्याकडे नसतील तर निदान एवढं करा: नाळेतल्या नळीवर दोन ठिकाणी, बाळाजवळ आणि सिरिंजच्या टोकाजवळ, लाल पट्टीवर ‘शीर’ असं मोठ्या अक्षरात लिहा. दुधाची नळी बाळाच्या डोक्याकडून आणा, शिरेची पायांकडून. आणि काहीही सोडायच्या आधी नळी बोटाने बाळापर्यंत मागोवत जा.

युव्हीसी, म्हणजे नाळेच्या शिरेतली लाइन, घालणं डॉक्टरांचं काम आहे, मग ती अंबिलिकल कॅथेटरने असो की आयएफटीने. डॉक्टर नाहीत म्हणून सिस्टरने घातली तर प्रश्न लेबलचा राहत नाही, अधिकाराबाहेर जाऊन काम केल्याचा होतो, आणि त्यात कोणीही पाठीशी उभं राहत नाही. नळी घातल्यावर एक्स-रे हवाच. टोक साधारण आठव्या-नवव्या छातीच्या मणक्याच्या पातळीला दिसायला हवं. योग्य कॅथेटर किंवा दुसरी शीर मिळाली की आयएफटी त्याच दिवशी काढायचा आग्रह धरा.

*डायलिसिसचं कॅथेटर.* मानेत दोन तोंडांची जाड लाइन दिसते, आणि हाताला एकही शीर नाही. मोह होतो. पण त्या दोन्ही नळ्यांत हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरून ठेवलेलं असतं. क्लॅम्पजवळ बारीक अक्षरात १.३ मिली असा काहीतरी आकडा छापलेला दिसेल, तेवढी नळीची पोकळी. तुमच्याकडे ५००० युनिट प्रति मिलीचं हेपॅरिन भरत असतील तर एका नळीत ६५०० युनिट झालं. ५० किलोच्या माणसाला उपचारासाठी किलोला ८० युनिटने बोलस दिला तरी तो ४००० युनिटचा होतो. म्हणजे आधी न ओढता नुसतं सलाइनने फ्लश केलं, तर उपचाराच्या डोसच्या दीडपटीहून जास्त हेपॅरिन एका झटक्यात रुग्णाच्या अंगात जातं. रुग्ण किडनीचा, त्यात कदाचित आदल्या दिवशी काही प्रोसिजर झालेली. रक्तस्राव कुठून सुरू होईल सांगता येत नाही. दुसरा धोका जंतुसंसर्गाचा, आणि ती लाइन गेली तर त्या माणसाचं डायलिसिसच थांबतं.

म्हणून नेहमीच्या औषधांसाठी ती लाइन उघडायची नाही. जीव वाचवायची वेळ असेल आणि नेफ्रॉलॉजिस्टनी किंवा ड्युटी डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर क्रम असा: हात धुऊन निर्जंतुक ग्लोव्हज, टोपणाचा भाग अँटिसेप्टिकने नीट घासायचा, वाळू द्यायचा. क्लॅम्प उघडून ५ मिली ओढायचं आणि टाकून द्यायचं. रक्त सहज येत नसेल तर ढकलायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. मग १० मिली सलाइन, मग औषध, परत सलाइन. शेवटी छापलेल्या आकड्याइतकंच लॉक, म्हणजे नळीत भरून ठेवायचं औषध, भरायचं, आणि कोणतं लॉक, किती भरलं ते चिकटपट्टीवर आणि केस पेपरवर लिहायचं. डायलिसिस युनिटला फोन करून कळवायचं.

*धमनीत साधा कॅन्युला.* रक्तदाब सतत पाहायला मनगटाच्या धमनीत २० नंबरचा गुलाबी कॅन्युला घालणं अनेक आयसीयूंत चालतं. आपल्याकडच्या बहुतेक कॅन्युलांना वर औषध सोडायचं रंगीत टोपण असतं, आणि संकट तिथूनच येतं. पांघरुणातून फक्त टोपण दिसतं, सिस्टरला वाटतं शीर आहे, आणि औषध धमनीत जातं. बोटं काळी पडून कापायची वेळ येऊ शकते. धमनीसाठी वर टोपण नसलेला कॅन्युलाच घ्या, लाल खूण आणि ‘धमनी’ अशी पट्टी लावा, हात पांघरुणाबाहेर ठेवा.

*सीटीचा कॉन्ट्रास्ट.* पॉवर इंजेक्टर चालणाऱ्या पिक लाइनवर, म्हणजे हाताच्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नेलेल्या लांब नळीवर, जास्तीत जास्त वेग छापलेला असतो, बऱ्याचदा सेकंदाला ५ मिली. छापलेलं नसेल तर चालत नाही असंच धरायचं. लाइन फुटण्याच्या घटनांमुळे अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. मधली एक्स्टेन्शन आणि थ्री-वेसुद्धा तेवढ्या दाबाची हवी, हे सीटी रूममध्ये विसरलं जातं. पिक लाइन हाताने फ्लश करतानाही १० मिलीची सिरिंज वापरा. छोट्या सिरिंजने दाब वाढतो.

*पोटातलं पाणी, छातीतलं पाणी, ओटीपोटावरून लघवी काढणं.* इंट्राकॅथने हे सर्रास होतं. करणारे डॉक्टर असतात. तुमचं काम म्हणजे नळी मोडली किंवा तुटली नाही ना हे बाहेर काढल्यावर पाहणं, तिची लांबी पूर्ण आहे असं लिहिणं, आणि काम संपेपर्यंत ती नळी नेहमीच्या सलाइनच्या लाइनला चुकून जोडली जाणार नाही याची काळजी घेणं.

*जास्त दिवस ठेवलेला कॅन्युला.* पत्रकात ७२ तास लिहिलंय आणि शीर चांगली आहे म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशीही तोच चालू आहे, असं बऱ्याचदा होतं. ठरावीक तासांनी बदलण्याऐवजी लक्षणं दिसली की बदला, असं मानणारे अलीकडचे अभ्यास आणि मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण ती भूमिका हॉस्पिटलच्या लेखी धोरणात असली पाहिजे आणि दर पाळीला व्हीआयपी स्कोअर, म्हणजे कॅन्युलाच्या जागी शीर किती सुजली आहे याचे गुण, लिहिला गेला पाहिजे. स्कोअर २ झाला की कॅन्युला काढायचा. धोरण नाही, स्कोअर नाही आणि सहाव्या दिवशी हात सुजला, तर पत्रकातले ७२ तासच तुमच्यासमोर ठेवले जातील.

पायरी ३: डॉक्टरांशी बोला, आणि लिहून घ्या

तोंडी ऑर्डरवर लेबलबाहेरचं काम करू नका. बोलणं लांबवायची गरज नाही. असं म्हणता येतं:

‘सर, अंबिलिकल कॅथेटर स्टोअरमध्ये नाही, फक्त आयएफटी आहे. ती शिरेसाठी नाही. तुम्ही तीच वापरायची ठरवत असाल तर कारणासकट केस पेपरवर लिहा, मी ट्रे लावते. तोपर्यंत इनचार्ज मॅडमना सांगून दुसरीकडून मिळतं का बघते.’

यात नकार नाही, उर्मटपणा नाही, आणि निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे गेला. क्रॅशमध्ये, म्हणजे रुग्ण अचानक कोसळतो तेव्हा, लिहायला वेळ नसतो, हे खरं. तेव्हा ऑर्डर मोठ्याने परत म्हणून दाखवा, दुसऱ्या सिस्टरला ऐकू द्या, वेळ टिपा आणि रुग्ण स्थिर झाला की लगेच डॉक्टरांची सही घ्या. सकाळपर्यंत ठेवू नका. पाळी बदलते, डॉक्टर ओटीत जातात आणि सही राहून जाते.

तिसऱ्या प्रकारातली गोष्ट सांगितली गेली आणि डॉक्टर ऐकत नाहीत, तर परिसेविकेला, मग अधिसेविकेला आणि वैद्यकीय अधीक्षकांना कळवा. खासगी हॉस्पिटलात इनचार्ज सिस्टर, नर्सिंग सुपरिंटेंडंट, मेडिकल डायरेक्टर. किती वाजता कोणाला फोन केला हे लिहा.

पायरी ४: रुग्णाला किंवा नातेवाइकांना कळलं पाहिजे

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला, बाळाच्या आईवडिलांना, डॉक्टरांनी साध्या मराठीत सांगावं: नेहमीची नळी उपलब्ध नाही, म्हणून ही वापरतोय, धोका काय, दुसरा मार्ग काय. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. भरती करताना घेतलेल्या छापील संमतीत हे येत नाही. जीव वाचवायच्या घाईत संमतीसाठी थांबायचं नसतं, पण नंतर सांगायचं राहू नये. नातेवाइकांचा राग इजेपेक्षा लपवण्यावर जास्त असतो.

पायरी ५: नोंद अशी लिहा

बहुतेक ठिकाणी नर्सिंग नोट्स इंग्रजीत लिहितात. भाषा कुठलीही असो, यातलं काही गाळू नका:

‘रात्री २.१०. बाळाला तातडीने शिरेतून औषध देणे आवश्यक. हातापायाची शीर प्रयत्न करूनही मिळाली नाही. अंबिलिकल कॅथेटर शिल्लक नसल्याचे स्टोअरकडून १.५० वाजता कळले. ड्युटी डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरनुसार त्यांनीच ५ फ्रेंच आयएफटी नाळेच्या शिरेत घातली. ब्रँड, बॅच नंबर, मुदत नोंदवली. पाकिटाचे लेबल चिकटवले. रक्त परत येते. एक्स-रे २.४० वाजता, जागा डॉक्टरांनी पाहिली. आईवडिलांना डॉक्टरांनी माहिती दिली. दोन ठिकाणी ‘शीर’ पट्टी लावली. दर तासाला जागा, जोड, पोटाचा घेर, पायांचा रंग पाहणार. योग्य कॅथेटर आल्यावर बदलण्याचे ठरले.’

वस्तू, कारण, निर्णय, बॅच, लक्ष, काढायची वेळ. पाकिटाचा लेबलचा तुकडा चिकटवायला अर्धा मिनिट लागतो, आणि पुढे सदोष माल होता की वापर चुकला, हे ठरवायला तोच लागतो.

पायरी ६: लक्ष ठेवण्याचं वेळापत्रक नेहमीपेक्षा कडक करा

पत्रकाप्रमाणे वापरलेला कॅन्युला पाळीतून ठरलेल्या वेळी पाहिला तर चालतो. लेबलबाहेरचा निदान दर तासाला पाहा. शिरेतून नॉरअॅड्रेनलिन चालू असेल तर त्याहूनही लवकर. जागा उघडी ठेवा, पारदर्शक पट्टी लावा, वर रोलर बँडेज गुंडाळू नका. हँडओव्हरमध्ये ही नळी सगळ्यात आधी सांगा आणि पलंगाशी उभं राहून दाखवा. ‘सगळं नॉर्मल’ म्हणून पाळी देऊ नका.

पायरी ७: इजा झालीच तर

औषध शिरेबाहेर गेलं तर आधी औषध थांबवा, पण कॅन्युला लगेच ओढू नका. त्यातूनच जेवढं परत येईल तेवढं ओढा, हात उंच ठेवा, कडेला पेनने खूण करा, डॉक्टरांना उतारा विचारा.

धमनीत औषध गेलं तरी कॅन्युला जागेवरच ठेवायचा, पुढचे उपचार त्यातूनच होतात. तातडीने डॉक्टर, आणि हाताचा रंग व नाडी सतत पाहणं.

नळीचा तुकडा आत राहिला असं वाटलं तर त्या हाताला टोचल्याच्या जागेच्या वर टूर्निकेट बांधा, पण धमनीची नाडी लागेल इतकंच घट्ट. रुग्णाला हलू देऊ नका, एक्स-रे सांगा, बाहेर आलेला तुकडा जपा.

हेपॅरिन अंगात गेलं असेल तर वेळ आणि अंदाजे युनिट डॉक्टरांना लगेच सांगा. प्रोटामिन हा हेपॅरिनचा उतारा द्यायचा की नाही हे त्या आकड्यावर ठरतं. हेपॅरिन गेल्याचं लपवणारी सिस्टर रुग्णाचा उतारा अडवते.

रुग्ण स्थिर झाल्यावर ती नळी, सिरिंज, पाकीट कचऱ्यात टाकू नका. पंक्चरप्रूफ डब्यात, नाव-वेळ लिहून, इनचार्जकडे द्या आणि पोच घ्या. इन्सिडंट रिपोर्ट त्याच पाळीत भरा. केस पेपरवर खाडाखोड करू नका. काही राहिलं असेल तर आजची तारीख-वेळ घालून ‘उशिरा केलेली नोंद’ म्हणून लिहा. उपकरणांमुळे झालेल्या इजा नोंदवायला २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतं. परिचारिका स्वतः तिथे नोंद करू शकते. मोफत दूरध्वनी १८००-१८०-३०२४.

कायदा काय म्हणतो

आधी फौजदारी बाजू, कारण त्यात परिचारिकांनी न वाचलेली एक ओळ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६(१) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून उपचार करताना असं झालं तर कमाल शिक्षा २ वर्षं. हा व्यावसायिक म्हणजे कोण, हे कलमाच्या स्पष्टीकरणात दिलं आहे: नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याखाली मान्य पदवी आणि वैद्यकांच्या नोंदवहीत नाव असलेला. परिचारिका त्यात येत नाही. म्हणजे एकाच घटनेत, एकाच पलंगाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी डॉक्टरांसाठी कमाल २ वर्षं आणि सिस्टरसाठी ५. हा भेद अन्यायकारक आहे असं मला वाटतं आणि परिचारिकांच्या संघटनांनी तो लावून धरायला हवा. तो बदलेपर्यंत लेखी ऑर्डरचं महत्त्व सिस्टरला डॉक्टरांहून जास्त आहे. मृत्यू नाही पण गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

साधी चूक झाली म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी दोषासाठी निष्काळजीपणा घोर असायला हवा असं म्हटलं. पत्रकात ‘करू नका’ लिहिलेलं, कोणालाही न विचारता, नोंद न करता केलेलं काम त्या व्याख्येच्या जवळ जातं. विचारून, लिहून, लक्ष ठेवून केलेलं काम तिच्यापासून लांब राहतं.

भरपाईची बाजू वेगळी. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. तक्रारीची मुदत २ वर्षं आहे. नर्सच्या हातून झालेल्या चुकीची भरपाई बहुतेक वेळा हॉस्पिटलला द्यावी लागते. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात, १९९८ मध्ये, शिरेतून दिलेल्या क्लोरोक्विनच्या इंजेक्शनने टायफॉइडच्या एका मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. इंजेक्शन देणारी नर्स कोणत्याही परिषदेकडे नोंदलेली नव्हती. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. सरकारी हॉस्पिटल मोफत आहे म्हणून सुटका नाही. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेनंतर पोटात टॉवेल राहून एका बाईचा मृत्यू झाला होता. त्या अच्युतराव खोडवा प्रकरणात १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनालाच जबाबदार धरलं गेलं.

आणि कंपनी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं कलम ८७ सांगतं की इजेच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल, तिच्यात बदल केला असेल, तर उत्पादन-दायित्वाचा दावा विक्रेत्यावर लावता येत नाही. सूचना मालकाला, म्हणजे हॉस्पिटलला, दिल्या होत्या असं दाखवलं तर सूचना अपुऱ्या होत्या या मुद्द्यावर उत्पादकही सुटतो. कापलेलं कॅथेटर, नाळेतली आयएफटी, फुटलेली साधी लाइन, या सगळ्यात कंपनीचा वकील ते घडीचं पत्रक पुढे ठेवणार. मागे उरतात हॉस्पिटल, डॉक्टर आणि सिस्टर.

भरपाई हॉस्पिटल भरेल, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चौकशी वैयक्तिक असते. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली व्यावसायिक गैरवर्तनासाठी नोंदवहीतून नाव काढता येतं. म्हणून हॉस्पिटलच्या एचआरला दोन गोष्टी लेखी विचारा: इन्डेम्निटी पॉलिसीत परिचारिका येतात का, आणि फौजदारी तक्रारीत वकिलाचा खर्च कोण करणार. उत्तर ‘नाही’ असेल तर स्वतःची पॉलिसी घ्या. नोटीस आली तर उत्तर स्वतः लिहू नका, आधी वकिलाला दाखवा.

पायरी ८: एक पानाचा वॉर्ड-नियम करून घ्या

हे स्टाफ नर्सच्या एकटीच्या हातात नाही, पण सुरुवात तिथूनच होते. तुमच्या वॉर्डात होणारे लेबलबाहेरचे वापर एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे चार रकाने: कोण ठरवणार, कोण करणार, किती वेळ चालेल, काय पाहायचं. परिसेविकेमार्फत तो वैद्यकीय अधीक्षकांकडे आणि इन्फेक्शन कंट्रोल कमिटीकडे पाठवा. मंजूर झालेला कागद तारखेसह ट्रॉलीवर लावा. तिसऱ्या प्रकारातल्या गोष्टी त्यात ‘कधीच नाही’ म्हणून वेगळ्या लिहा, म्हणजे रात्री दोन वाजता नवीन इंटर्नशी वाद घालावा लागत नाही.

त्याच वेळी इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मालाची लेखी मागणी, पाठवा. अंबिलिकल कॅथेटर दोन्ही मापांत, टोपण नसलेला धमनीचा कॅन्युला, दुधासाठी वेगळ्या जोडाच्या नळ्या, ‘शीर’ आणि ‘धमनी’च्या छापील पट्ट्या. माल आला नाही तर दुसरा इंडेंट, पहिल्याचा क्रमांक आणि तारीख टाकून. नाकारला गेला तर नकार लेखी मागा. इंडेंट बुकातली प्रत फाडून देऊ नका, वॉर्डात ठेवा, आणि पुढच्या वेळी आयएफटी नाळेत घालायची ऑर्डर आली की नोंदीत त्या इंडेंटचा क्रमांक लिहा.